टाच आणि चवडा

सोमवारी सकाळी मी वर्गात शिरले आणि वर्ग गप्प राहिला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आमच्या शाळेत शिक्षकांनी दारात उभं राहून 'मी आले' असं सांगायचं नसतं. व्हरांड्यातून पावलं वाजत येतात, उंबरा ओलांडतात, आणि तिसऱ्या पावलाला पोरं ओरडतात, "बाई आल्या!" कोणत्या बाई, ते त्यांना ठाऊक असतं. एकाही पोराला दिसत नाही, म्हणून कुणी हा नियम केला असेल असं नाही, पण तो आम्ही सगळे पाळतो. मऊ तळाचे बूट घालून येणाऱ्या नव्या मास्तरला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बाजूला घेऊन सांगतं, बाबा रे, असा चोरासारखा येत जाऊ नकोस. चपला बदलल्या तर आल्याआल्या जाहीर करायचं, मग पोरं त्या हातात घेतात, तळ ठोकून बघतात, एखादा वात्रट वाससुद्धा घेतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या चपला आपल्या होतात. त्या सोमवारी मी तीन पावलं टाकली, चौथं टाकलं, टेबलापर्यंत गेले, तरी सगळे माना वर करून नुसते बसलेले. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. वर्गात सांडलेला एकही शब्द ती वाया जाऊ देत नाही म्हणून मी तिला टिपकागद म्हणते. ती म्हणाली, "कोण आहे?" मी म्हणाले, "मी आहे." "बाई? नवीन चपला?" "नाही गं. त्याच." तिने मान तिरकी केली, आत काहीतरी जुळवून बघितल्यासारखं केलं आणि अगदी सरळ विचारलं, "मग तुम्ही आज दुसऱ्यासारख्या का चालताय?" मी हसले, वय झालं बाई माझं, असं काहीतरी म्हणाले आणि धडा उघडला. 

आता कुणी शहाणं माणूस असतं तर त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे गेलं असतं. मी चांभाराकडे गेले. बावीस वर्षं आवाजावर जगलेल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय? चपलांचे तळ झिजले असणार, म्हणून आवाज बुजला, असा माझा निष्कर्ष. चांभार म्हणाला, तळ ठणठणीत आहेत. मी म्हणाले, असू दे, टाचेला लोखंडी नाल ठोका. त्याने ठोकले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "घोडा आला, घोडा!" आणि सगळा वर्ग हसून लोळला. मीही हसले. टिपकागद तेवढी हसली नाही. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, आवाज मोठा झालाय. पण तुमचा डावा पाय आधी टाच टेकायचा, मग चवडा. आता दोन्ही एकदमच पडतात. धप्प." अकरा वर्षांची पोर. मग मी डॉक्टरकडे गेले. त्याने मला झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, पायाला काही लागलं की 'हो' म्हणा. मी वाट बघत पडून राहिले. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी खोकत होतं. बराच वेळ काही होईना तेव्हा मी म्हणाले, "करा ना सुरू." तो म्हणाला, "दहा वेळा लावून झालं." त्याच्या हातात प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा होता.

साखर होती, ती मला माहीत होती. तिने गुपचूप पायांच्या नसा खाल्ल्या, ते माहीत नव्हतं. गेलेलं फारसं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, रोज तळवे तपासायचे. मी सगळं वहीत लिहून घेतलं. शाळेत मोठ्या बाईंना सांगितलं, कारण लपवून काय करणार, पोरांनी आधीच ओळखलं होतं. मोठ्या बाई चांगल्या आहेत, हीच पंचाईत. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "जिन्यावर पडलात बिडलात तर? ग्रंथालय घ्या. ठिपक्यांची पुस्तकं लावायची, बसून काम."  ग्रंथालय म्हणजे आमच्याकडे व्हरांड्याच्या टोकाची खोली. तिथे पोरं येतात, पण माणूस असतो खुर्चीत, पावलं पोरांची वाजतात. मी म्हणाले, सुट्टीनंतर सांगते. सुट्टी तीन आठवड्यांची होती. शाळेच्या फाटकापर्यंत मी माझ्याच पावलांकडे कान देऊन चालले आणि पहिल्यांदा मलाही ते ऐकू आलं, धप्प, धप्प, कुणी पोती टाकतंय तसं. पण ऐकू आलं, हे महत्त्वाचं. कळत नव्हतं, पण ऐकू येत होतं. म्हणजे पायाने जे सांगायचं सोडलं ते कानाने विचारता येईल, एवढं मला फाटकाशी उभं राहून समजलं, आणि मी घरी गेले आणि दार उघडून आत पाऊल टाकलं आणि सगळा आवाज बंद झाला.

आमच्या घरात कार्पेट आहे. होतं. दिवाणखाना, मधला पट्टा, दोन्ही खोल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, भुरकट हिरव्या रंगाचं आणि खाली बोटभर फोम. सोळा वर्षं मी त्यावरून चालले आणि एकदाही मला त्याचा राग आला नाही. त्या संध्याकाळी मी दारापासून खिडकीपर्यंत चालत गेले आणि जणू कुणी गेलंच नाही. पाय टेकला की नाही, टाच आधी की चवडा, काही कळेना. आपण आपल्याच घरात नसल्यासारखं वाटलं. मला भीती वाटली. मी फार घाबरणारी बाई नाही, पण त्या मऊ मऊ जमिनीवर भिंतीला हात लावून उभी होते आणि घाबरले होते. आणि घाबरले की मला राग येतो, आणि राग आला की मी कामाला लागते. माझी मुलगी म्हणते, आईला संकट द्या, ती त्याचं वेळापत्रक करते.

पण ते कार्पेट माझं नव्हतं, यांचं होतं. हे एकतीस वर्षं छापखान्यात मशीनवर. एका रांगेत सात मशीनं, सकाळपासून चालू. तिथे माणसं एकमेकांशी हातांनी बोलतात, आणि घरी आल्यावर पहिला तासभर हे इतक्या मोठ्याने बोलायचे की शेजारच्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. घर घेतलं तेव्हा पलंगाच्या आधी कार्पेट आलं. बसवणारा माणूस गुडघ्यावर बसून जोड दाबत होता आणि हे त्याच्या शेजारी गुडघ्यावर. तो गेल्यावर यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं, कमरेच्या उंचीवर धरलं आणि सोडून दिलं. नुसता थप्प असा आवाज. यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा एखादा मुलगा पहिला नंबर आल्यावर बघतो. मग पुन्हा ताट उचललं आणि पुन्हा टाकलं. यांच्याकडून ही शांतता काढून घ्यायची होती. मला माहीत होतं मी काय करत्ये. मला ते माहीत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

तीन दिवस मी सांगून बघितलं. मी म्हणाले, खाली नुसतं काँक्रीट आहे, तळमजला आहे, त्यावर रंग चढवून घेता येतो, छान दिसतं. हे म्हणाले, "आणि पडलीस तर? डॉक्टरने काय सांगितलंय? कार्पेटवर पडलं तर निदान हाड मोडत नाही." मी म्हणाले, "कार्पेटवर मी पडणारच. काँक्रीटवर कदाचित नाही." "हे कुठलं शास्त्र?" "माझं." मुलीला फोन लावला गेला. तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "आई, बाबांचं बरोबर आहे. आणि तू ऐकणार नाहीयेस, हेही मला माहिती आहे. मग मला कशाला विचारतेस?" रविवारी हे बाजारात गेले. मी कपाट हाताने ढकलून पुढे घेतलं, मागचा कोपरा पकडीत धरला आणि ओढला. खिळ्यांच्या पट्टीवरून तो एकेक खिळा सोडत आला, टक टक टक, आणि खालून सोळा वर्षांची माती, एक बटण, मुलीच्या शाळेतली एक पेन्सिल असलं काहीबाही निघालं. फोम वाळून भाकरीसारखा तुटत होता. त्याखाली ते होतं. करडं, ओबडधोबड, गोंदाचे वाळके पट्टे मिरवणारं. मी उठले, चप्पल घातली आणि त्या दोन हात जागेवर पाऊल टाकलं. ठक. मी पुन्हा टाकलं, आधी टाच, मग चवडा. ठक, टप. मला वाटतं मी तिथे वीसेक मिनिटं एकाच जागी पाय आपटत उभी होते, कुणी खिडकीतून बघितलं असतं तर डॉक्टर बदलायला सांगितलं असतं.

हे पिशव्या घेऊन आत आले, कोपरा बघितला, माझ्याकडे बघितलं, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि दोन दिवस बोलले नाहीत. जेवण वाढलं की जेवायचे, ताट उचलून ठेवायचे. मी रोज थोडं थोडं फाडत होते. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, आणि तरी हात थांबत नव्हते. मंगळवारी दुपारी मी मधल्या खोलीत वाकून एक मोठा तुकडा ओढत होते, तो हलेना, आणि मागून आवाज आला, "अशी फाडतात का? उलट कर. पाठ वर घे. पाठीवरून कापायचं, केसांवरून नाही." यांच्या हातात कागद कापायचं पातं होतं. हे गुडघ्यावर बसले, कार्पेटची कड दुमडून पाठ वर केली आणि एका रेषेत पातं ओढत नेलं, हातभर रुंदीच्या पट्ट्या, एकही वाकडी नाही. मी गुंडाळत गेले, हे कापत गेले. संध्याकाळपर्यंत सगळं घर नागडं झालं. शेवटची पट्टी गुंडाळताना यांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला. मी म्हणाले, "अहो, मला माफ करा." हे म्हणाले, "पाणी दे," आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "माझ्या खोलीत तुकडा ठेवू का एक, पलंगाखाली?" मी म्हणाले, ठेवा. मग म्हणाले, "नको. एका घरात दोन दोन जमिनी कशाला."

रंगवाला आला तो बोलका माणूस होता. त्याने आल्याआल्या हातात पाणी घेऊन ठिकठिकाणी शिंपडलं. जिथे पाणी मुरलं तिथे मान हलवली, जिथे थेंब मोत्यासारखे उभे राहिले तिथे खडूने फुली मारली. गोंद राहिलाय, म्हणाला, इथे रंग धरणार नाही, घासावं लागेल. मग रंगांचे तुकडे माझ्यासमोर मांडले आणि तोंडपाठ बोलू लागला: हा रंग वरून लावायचा नसतो, हे ॲसिड आहे, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याचं भांडण लागतं आणि त्यातून रंग निघतो, त्यामुळे तपकिरी म्हणाल तर तपकिरी निघेलच असं नाही, तुमच्या जमिनीच्या पोटात काय आहे त्यावर आहे. मी म्हणाले, "ते राहू द्या. आवाज कसा येतो?" तो थांबला. "आवाज?" "वरचा थर लावल्यावर. चालताना." "बाई, लोक रंग विचारतात. डाग विचारतात. घसरणार का विचारतात." "घसरायला नकोच. पण गुळगुळीत चकचकीत थर लावलात की पावलाचा आवाज कसा येईल ते मला सांगा."  त्याने हातोडी उलटी धरली आणि तिच्या दांड्याने जमीन ठोकत ठोकत दिवाणखाना ओलांडू लागला, मान तिरकी करून, अगदी टिपकागदसारखी. टक, टक, टक, टोक. "इथे पोकळ आहे," तो म्हणाला. "ऐकलंत?" मी ऐकलं होतं. त्याच्या आधी ऐकलं होतं. "भरून घेऊ?" मी म्हणाले, "भरा. जमीन सगळीकडे एकसारखी बोलली पाहिजे." तो हसला आणि म्हणाला, पातळ थर देतो, फक्त बंद करण्यापुरता, चकाकणार नाही, मग जमीन बोलेल. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी असलं काही विचारलं, हे त्याने यांनाही जाऊन सांगितलं. हे म्हणाले, "मला सांगू नका, मी तिच्याबरोबर राहतो."

घासायचं मशीन सुरू झालं तेव्हा हे घराबाहेर पडले नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. दोन दिवस ते मशीन घरभर किंचाळत होतं. मी कानांत बोळे घालून बसले होते आणि हे खुर्ची घेऊन दारात, हातांनी मशीन चालवणाऱ्या माणसाला सांगत होते, डावीकडे घे, थांब, पुन्हा. एकतीस वर्षांचे हातवारे. तो माणूस ते भराभर समजत होता. मला ते बघून हायसं वाटलं आणि रडूही आलं. मग ॲसिड. नाकाला झोंबणारा वास, जमिनीवर बारीक फेस, आणि फेसाखालून हळूहळू रंग, कुठे चहाचा, कुठे ओल्या मातीचा, आणि गोंदाच्या जुन्या पट्ट्यांवर फिके फिके ओरखडे, कितीही घासलं तरी राहिलेले. रंगवाला ओशाळला. म्हणाला, वरून गडद हात देऊन झाकतो. मी म्हणाले, राहू द्या. सोड्याच्या पाण्याने त्याने सगळं धुतलं, पुसलं, वाळवलं, पातळ थर दिला. तीन दिवस आम्ही मुलीकडे राहिलो. तिथे मी त्यांच्या व्हरांड्यात चालत होते, जावई कौतुकाने म्हणाले, आई व्यायाम करतायत.

परत आल्यावर मी सुरुवात केली. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी एक तास. जाड तळाचे बूट घालून, घरात. दारापासून खिडकीपर्यंत एकोणीस पावलं. टाच, चवडा. टाच, चवडा. डाव्या पायाला आपण कुठे आहोत ते माहीत नसतं. तो हवेत जातो आणि कधीतरी खाली येतो. तो आला की जमीन सांगते. आधी सांगते, मग मी मान्य करते. बावीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आले होते, काठीने, टाळीने, जिभेच्या टकटकीने, की भिंत आहे की दार आहे ते तुम्हाला आवाज सांगेल, विश्वास ठेवा. ते किती कठीण आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी शिकवत होते आणि बघत होते, बघत बघत शिकवत होते. आठव्या दिवशी मी पडले. दुपार होती, हे पेपर वाचत होते. मी ओट्याकडून येत होते, टाच, चवडा, टाच, आणि मग काहीच वाजलं नाही. चवडा जिथे वाजायला हवा होता तिथे नुसती शांतता. मी ती ऐकली. पडायच्या आधी ऐकली, हात पुढे घेण्याइतका वेळ मिळाला, आणि मग गुडघा आणि तळहात आणि मोठा आवाज. हे पेपर टाकून धावले. "येऊ नका!" मी ओरडले. हे तीन हातांवर थांबले, दोन्ही हात पुढे करून, ओठ पांढरे. मी भिंत धरली नाही. एक गुडघा, मग दुसरा पाय, मग उभी. तळहात सोलवटला होता. यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. "झालं समाधान?" हे म्हणाले. "अहो, मला कळलं," मी म्हणाले. "पडायच्या आधी कळलं. पाय आला नाही ते मला ऐकू आलं." हे जखमेवर लावायचं औषध घेऊन आले आणि माझा तळहात आपल्या मांडीवर ठेवून पुसत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मलाही. तू वळलीस ना, तिथपासून डावा उशिरा येत होता. मी पेपर वाचत नव्हतो." यांनी औषधाचं झाकण लावलं. "एका मशीनचा एक दात झिजला तरी मला सातांतून ऐकू यायचं," हे म्हणाले. "तुला काय वाटतं, इथे बसून मी काय करतो?"

शाळा उघडली त्या सकाळी मी आधी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, वर्ग माझ्याकडेच राहू द्या. त्या म्हणाल्या, विचार केलात ना नीट? मी म्हणाले, चालून बघितलंय. घरी परत आले तेव्हा हे दिवाणखान्यातच बसलेले, चहा गार झालेला. मी बूट काढले नाहीत. "काय झालं?" यांनी विचारलं. "ओळखलं का पोरांनी?" मी पिशवी खाली ठेवली. "नाही."

मी पुढे म्हणाले, "टिपकागद म्हणाली, नवीन बाई आल्यात वाटतं." माझा आवाज थोडा हलला, तो हलू दिला. "मी म्हणाले, हो, नवीन. जुन्यांचा पाय आता तसा पडणार नाही, त्या यायच्या नाहीत. ही चाल नीट ऐकून घ्या. मग वर्गात चार फेऱ्या मारल्या. पोरं गप्प बसून ऐकत होती, कुणी घोडा म्हणालं नाही. उद्या ओळखतील. उद्या नाही तर परवा."

"चार फेऱ्या," हे म्हणाले. "एका दमात?"

"एका दमात."

"डावा?"

"तिसऱ्या फेरीला जरा."

यांनी कप बाजूला ठेवला, खुर्ची भिंतीला सरकवली, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. "मार बघू इथे," हे म्हणाले. "मी सांगतो."

मी दारापर्यंत गेले, वळले आणि टाच टेकवली.